ललतची मोजणी

दादाने पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. सहीची जागा खाली गेली, कोरी बाजू वर आली.

"बारा वाजता येणार ना तो कंपनीचा माणूस?"

"बारा वाजता," अक्का म्हणाली.

"चहा द्या त्याला आणि परत पाठवा."

आता खरं सांगायचं तर अक्काला हे अपेक्षितच होतं. सेहेचाळीस वर्षं ज्या भावाबरोबर काढली तो काय बोलणार, हे तो जिना चढायच्या आधीच तिला पाठ होतं. पत्रात फार काही नव्हतं. अण्णांच्या ललत रागातल्या तीन बंदिशी त्यांच्या मुलीने, म्हणजे अक्काने, सतारीवर वाजवल्या आहेत, त्या रेकॉर्डवर छापायला घराण्याची हरकत नाही, एवढंच. खाली घराण्याच्या वतीने एक सही. ती आज बाराच्या आत मिळाली नाही तर कंपनी मूळ ध्वनिफीत पुसणार होती आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी गाणं भरणार होती. घरी होती ती नक्कल. तिच्यावरून रेकॉर्ड छापता येत नाही, हे धाकट्या भावजयीने आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे अकरा महिन्यांचं काम होतं, आणि ते जायला पाऊण तास उरला होता.

तालमीची खोली लाँड्रीच्या वर होती. खालची वाफ लाकडी तक्तपोशीच्या फटींतून वर यायची आणि तारा बिचाऱ्या दर अर्ध्या तासाला उतरायच्या. अण्णा असेपर्यंत रोज कुणीतरी त्या वाफेला शिव्या घालायचं. पण थंडीत पायांना ऊब मिळते म्हटल्यावर जागा बदलायचं नाव कुणी काढलं नाही. अण्णा गेल्यावर त्यांची गादी दादाकडे आली, आणि गादीबरोबर शेवटचा शब्दही.

"तू ऐकलंस तरी का?" अक्काने विचारलं.

"जिन्यात ऐकलं परवा. पुरे झालं."

"जिन्यात काय ऐकू येतं? नुसते ठोके."

"तेच तर म्हणतोय. अण्णांच्या ललतखाली नाचघर भरवलंयस तू."

"खाली नाही भरवलं. शेजारी बसवलंय."

कोपऱ्यात भाऊ तबल्याची कड हातोडीने ठोकत बसला होता. तो या दोघांहून धाकटा, दादाचा तबलजी. सकाळपासून तो एकच तबला ठोकत होता आणि तबला काही सुरात येत नव्हता. येईल कसा, लक्ष सगळं इकडे होतं.

"तू बोल ना रे काहीतरी," अक्का त्याला म्हणाली. "मागच्या आठवड्यात तर डोलत होतास."

भाऊने हातोडी खाली ठेवली. "डोललो. पण घरी गेल्यावर विचार केला, अक्का. तबला घरात असताना तुला ठोक्यांची पेटी लागते? माझे हात काय गळून पडले होते?"

"तुला विचारलं होतं. तू म्हणालास, दादाला विचारून सांगतो. आणि मग आठ महिने तू सांगतोच आहेस."

भाऊने परत हातोडी उचलली.

खिडकीशी भाऊची बायको, म्हणजे धाकटी, टेप वाजवायच्या यंत्राची वायर सोडवत होती. ती रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करायची आणि या घरात आल्यापासून गाण्याच्या बाबतीत आपण ढ आहोत हे मोठ्या अभिमानाने सांगायची. त्या दोन पेट्या तिनेच आणल्या होत्या. एक ठोके द्यायची, दुसरी खर्जातले सूर. नाचघरातल्या कुणीतरी दुकानात दुरुस्तीला टाकल्या त्या टाकल्याच, न्यायला कुणी फिरकलं नाही. वर्षभराने दुकानाच्या मालकाने धाकटीला सांगितलं, घेऊन जा बाई, जागा तरी होईल. तिने त्या अक्काच्या खोलीत आणून जोडल्या, निव्वळ गंमत म्हणून.

गंमत तिथेच संपली असती. पण खर्जाच्या पेटीवर सुरांचे सोळा खाने होते आणि एक बटण असं होतं की दाबलं की एक सूर दुसऱ्यात घसरत जायचा. अक्का ते बटण दाबून दुपारभर बसून राहिली. तीस वर्षं तार ओढून ओढून बोटाला घट्टे पडले तेव्हा कुठे तिच्या हाताला मींड आली होती, आणि इथे एका पत्र्याच्या डब्याला ती जन्मजात येत होती. तिला आधी राग आला. मग हसू आलं. आणि मग तिने सतार मांडीवर घेतली.

"हे बघ," दादा आता समजुतीच्या आवाजात म्हणाला, आणि हा आवाज त्याच्या रागाहून वाईट असायचा. "मी काही तुझा वैरी नाही. पेट्या काढून टाक. भाऊ साथ करेल. पुन्हा वाजव, आठ दिवसांत होईल. नाव तुझंच राहील, सही मी डोळे मिटून करतो. कंपनीला मी फोन करतो हवं तर, ते माझ्यासाठी थांबतील आठ दिवस."

भाऊने मान वर केली. त्याच्या तोंडावर इतकी उघडी आशा होती की अक्काला त्याच्याकडे बघवेना. आणि तो सौदा काही वाईट नव्हता. दोन वर्षांपूर्वी कुणी तिच्यापुढे तो ठेवला असता तर तिने देवाचे आभार मानले असते.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"कारण भाऊ तुझ्याकडे बघून वाजवतो."

"साथीदार गायकाकडे बघूनच वाजवतो."

"मी वाजवत असतानाही तो तुझ्याकडे बघतो, दादा. तू समोर पहिल्या रांगेत बसलेला असतोस. माझा विस्तार अर्ध्यावर असतो आणि तू मांडीवर बोट आपटतोस, की झालं, चढली लय. मग मला पळावंच लागतं. सतरा वेळा सांगितलं, ऐकतं कोण? त्या पेटीला तुझं बोट दिसत नाही. ती पळत नाही आणि मला पळवत नाही. मला ती तेवढ्यासाठी हवी आहे. पेटी राहणार."

खाली इस्त्रीचं यंत्र दाबल्याचा आवाज आला आणि फटींतून वाफ वर आली.

"मग सही नाही," दादा म्हणाला.

"मोजणी न करता?"

आता ही मोजणी म्हणजे काय ते सांगायला हवं. आजोबांनी घालून दिलेला नियम होता तो, आणि अण्णांनी तो डोळ्यांत तेल घालून पाळला. घरात कुणीही काही नवं बांधलं की सगळ्यांनी गोल करून बसायचं, दार लावायचं आणि हातावर ताल धरून ते शेवटपर्यंत ऐकायचं. ज्याची टाळी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडली नाही, त्याने उठून भिंतीशी जाऊन बसायचं आणि त्या चिजेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. बांधणाऱ्याने मोजायचं नाही, नुसतं बघायचं. शेवटी गोलात जो उरेल त्याचा शब्द तो घराण्याचा शब्द. एकाहून जास्त उरले तर त्यातल्या वडीलधाऱ्याचा. आजोबांचं म्हणणं एवढंच होतं की ज्याला नीट ऐकताही येत नाही त्याने नाक मुरडायचं नाही.

आणि दादा आजवर एकदाही भिंतीशी गेला नव्हता. अगदी तापाने फणफणलेला असतानाही नाही. म्हणून तर तो हसला.

"कर की मोजणी. अकरा मिनिटंच ना? तेवढं सोसेन."

अक्कालाही ठाऊक होतं की ही मोजणी ती हरल्यातच जमा आहे. भाऊ उरला तरी दादा वडील, शब्द त्याचाच. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या तिने सगळं मांडून पाहिलं होतं. तिला फक्त एवढंच हवं होतं की जिन्यात नाही, तर मांडी घालून, अकरा मिनिटं, तिचा भाऊ तिचं काम ऐकेल. एवढंही नशिबी नसेल तर मग खुशाल पुसू देत फीत.

धाकटीने टेप लावली. भाऊ येऊन बसला. दादा गादीवर नेहमीच्या जागी बसला. वहिनी दाराशी चहाचे रिकामे कप गोळा करत होत्या. त्या दादाची बायको. दादाच्या मागे तंबोऱ्यावर एकतीस वर्षं बसल्या. लोक दादाचे फोटो काढायचे तेव्हा त्यांचा एक खांदा आणि तंबोऱ्याची खुंटी तेवढी फोटोत यायची. मोजणीलाही त्या तंबोऱ्यावरच असायच्या, त्यामुळे त्यांना गोलात बसण्याचा कधी प्रश्नच आला नव्हता.

आजही त्या सवयीने तंबोऱ्याकडे निघाल्या.

"तो राहू दे," दादा म्हणाला. "तंबोरा फितीतच आहे. बस तूही गोलात, हात मोकळेच आहेत तुझे."

हे तो सहज बोलला. वहिनी कप खाली ठेवून पदराला हात पुसत भाऊ आणि धाकटीच्या मधे बसल्या.

टेप सुरू झाली. आधी तंबोरा, मग अक्काची सतार, ललतचे दोन मध्यम, म्हणजे दोन म, एकमेकांना चिकटून. आणि मग खालून कुणीतरी दार ढकलून आत यावं तसा खर्ज आला, गोल, जाड, सुरातून सुरात घसरणारा. त्याच्यावर ठोके. धप्, धप्, धप्, धप्. एक ठोका म्हणजे एक मात्रा, सोळा ठोक्यांचं आवर्तन, तीनताल. पण सगळे ठोके एकसारखे. तबल्यासारखी खाली, म्हणजे रिकामी मात्रा, नाही की भरी नाही, सम कुठे आहे ते सांगायची पेटीची तयारीच नव्हती. जो मोजेल त्याने आपल्या जिवावर मोजायचं.

दुसऱ्याच मिनिटाला धाकटीची टाळी भलतीकडे पडली. "गेले मी," ती म्हणाली आणि खुशीत उठून भिंतीशी टेप शेजारी जाऊन बसली. तिथेच तिला बसायचं होतं.

दादाचा हात मात्र बघत राहावा असा होता. टाळी, टाळी, खाली, टाळी. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. चौथ्या मिनिटाला दुसरी बंदिश आली, अण्णांनी शेवटच्या आजारपणात बांधलेली, आणि अक्काला दिसलं की त्याची मान हलली. नुसती तालाला नाही, दाद द्यायला हलली. ऐक रे, ती मनात म्हणाली, पेटीला शिव्या दे हवं तर, पण ऐक.

आणि सहाव्या मिनिटाला ठोके बंद झाले.

ही अक्काची कल्पना नव्हती, नाचघराची होती. धाकटीने सांगितलं होतं की तिथे असंच करतात. मधेच ठोका काढून घेतात, लोक हात वर करून उभे राहतात, आणि मग तो परत येतो तेव्हा सगळी जमीन हलते. अक्काने आठ आवर्तनं ठोका काढून घेतला होता. खर्जही गप्प. उरली फक्त सतार आणि तंबोरा. आठ आवर्तनं, म्हणजे मिनिटभराहून जरा जास्त. तिथेच तिने ताना घेतल्या होत्या, आधी सरळ, मग वळणाच्या, मग एकात एक गुंतलेल्या.

दादाचा हात चालूच होता. अक्का बघत होती. तिसऱ्या आवर्तनात त्याच्या कपाळावर ती ओळखीची शीर उठली, मैफल रंगली की उठायची ती. पाचव्यात त्याचा हात जरा हलका झाला, जरा चटपटीत. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. चाळीस वर्षं ताना रंगल्या की लय चढते, आणि लय चढली की तबला तिच्यामागे येतो. त्याच्यामागे तबला आला नाही असं कधी झालंच नव्हतं. भाऊचा हात त्याच्याबरोबर चढत होता, तंतोतंत, सावलीसारखा.

आठवं आवर्तन संपत आलं. दादाचा हात समेवर पडला, खणखणीत, डोळे उघडून, जिंकल्यासारखा. त्याच क्षणी भाऊचाही पडला.

ठोका आला नाही.

सतार वाजत होती. एक मात्रा गेली. दुसरी गेली. दादाचे डोळे टेपकडे वळले. तिसरी गेली. आणि मग धप्, खर्जासकट, तक्तपोशी हलवत ठोका परत आला, आणि त्याच्यावर, अगदी त्याच्यावर, वहिनींचा उजवा हात डाव्या तळव्यावर पडला. फार जोरात नाही. ओट्यावरची कणीक झटकावी तेवढाच.

भाऊ कुणी न सांगता उठला आणि भिंतीशी गेला. दादा बसून राहिला. वहिनींनी त्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, पण हात थांबवला नाही. टाळी, टाळी, खाली, टाळी. पुढची साडेतीन मिनिटं त्या एकट्या मोजत होत्या. टेप संपली तेव्हा त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"मी चुकले का कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही नाही, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "बाकीचे चुकले."

"कुणी चुकलं नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "मशीन मागे पडलं. मधे बंद केलंत आणि परत सुरू केलंत, तेव्हा उशिरा सुरू केलंत."

"बंद नव्हतं केलं, दादा," धाकटी म्हणाली. "पेटीचं नुसतं तोंड बंद केलं होतं. आत ती चालूच होती. घड्याळ लावून दाखवू का? हवं तितक्या वेळा लावते."

"घड्याळाने गाणं मोजतात का?"

"मग कशाने मोजतात?" अक्काने विचारलं. "तुझ्या हाताने? आजपर्यंत त्यानेच मोजलं. मलाही सहा महिने हे जमत नव्हतं, दादा. पेटीवरच्या लाल दिव्याकडे बघून वाजवायचे तरी पुढे निघून जायचे. रडले मी. आपल्या सगळ्यांनाच पुढे निघून जायची खोड आहे."

"मी पुढे गेलो नाही. भाऊला विचार. भाऊ तबलजी आहे. तो आणि मी दोघं एकाच वेळी कसे चुकू?"

सगळ्यांनी भाऊकडे पाहिलं. भाऊ भिंतीला पाठ लावून बसला होता. भिंतीशी बसणाऱ्याने बोलायचं नसतं, पण त्याला थेट विचारलं होतं.

"चिजेबद्दल नाही बोलत," तो म्हणाला. "माझ्याबद्दल बोलतो. माझी मोजणी बरोबर चालली होती, दादा. तू पुढे निघालास ते मला कळलं. पाचव्या आवर्तनातच कळलं. मग मी तुझ्याबरोबर आलो."

"का?"

"का म्हणजे काय? तू पुढे निघालास म्हणून. तीस वर्षं दुसरं काय करतोय मी?"

अक्काला वाटायचं की भाऊला कळतच नाही. कळत असून हा माणूस तीस वर्षं मूग गिळून बसला होता, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिला त्याचा संताप आला, आणि त्याच वेळी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसावंसंही वाटलं.

"बरं," दादा म्हणाला. "एवढंच ना? मग मोजणी रद्द. आज कुणीच उरलं नाही."

"वहिनी उरल्यात," अक्का म्हणाली.

हे बोलता बोलता तिचे कान गरम झाले. पहाटे मतं मांडताना तिने दादा धरला होता, भाऊ धरला होता, धाकटीही धरली होती. वहिनी त्या मांडणीत नव्हत्याच. त्यांना फितीबद्दल काय वाटतं हे अकरा महिन्यांत तिने एकदाही विचारलं नव्हतं. त्या दादाच्या मागे बसतात म्हणजे दादाच्याच, इतकं ते तिने गृहीत धरलं होतं.

"ती?" दादा म्हणाला. "ती तंबोरेवाली आहे."

"म्हणूनच उरले," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी हे भांडणाच्या सुरात म्हटलं नाही, सांगण्याच्या सुरात म्हटलं. "तुम्हीच शिकवलंत मला. नव्यानेच आले होते तेव्हा. म्हणालात, मी कितीही रंगलो, कितीही पळालो, तरी तुझ्या हाताने पळायचं नाही. तंबोऱ्याने गाण्याच्या मागे जायचं नाही. हात तसाच पडला आज. मी काही वेगळं केलं नाही."

"बरं बाई, नाही केलंस. मग सांग. उरलीस ना? बोल. काय वाटलं ते बोल." दादाने हात छातीवर बांधले. त्याला वाटलं असणार की वहिनी गोंधळतील, तुम्ही म्हणाल तसं म्हणतील. एकतीस वर्षं म्हणतच आल्या होत्या.

"मला नाही आवडलं," वहिनी म्हणाल्या.

अक्काने मान खाली घातली.

"तो ठोका माझ्या दातांत बसला. आत्तासुद्धा डोकं ठणकतंय. नाचघरात मी कधी गेले नाही, आणि हे ऐकून जावंसंही वाटलं नाही. खर्ज बरा आहे. ठोका नको होता." त्या थांबल्या. त्यांना सलग बोलायची सवय नव्हती, त्यामुळे प्रत्येक वाक्य त्या आधी आत जुळवून मग बाहेर काढत होत्या. "पण अक्कांची सतार मी यांच्या मागून एकतीस वर्षं ऐकतेय. दर वेळी विस्तार अर्धा झाला की हे बोट आपटतात. अक्का आवरतं घेतात. मला दर वेळी वाटायचं, आता पुढे काय होतं? काय वाजवणार होत्या? ते आज कळलं मला. पहिल्यांदा पुरतं ऐकलं. आवडणं वेगळं आणि अडवणं वेगळं. अडवायचं नाही. छापू देत."

धाकटीने तोंडावर हात धरला होता.

"तुला काय कळतं त्यातलं?" दादा म्हणाला.

"मला काय कळतं ते तुम्ही आत्ताच बघितलंत."

दादा उठला. अक्काने त्याला चिडलेला पुष्कळदा पाहिला होता, पण असा गोंधळलेला कधी नाही. "ठीक आहे. कर सही. सगळ्या मिळून ठरवून आला आहात. पण सही केलीस तर आज संध्याकाळच्या मैफलीत माझ्या मागे बसायचं नाही."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "तंबोरा सुरात लावून ठेवते. वाजवायला कुणीतरी शोधा."

"वहिनी," अक्का पुढे झाली, "नको. माझ्यापायी तुमच्या घरात..."

"तुमच्यापायी नाही हो अक्का," वहिनी जरा वैतागूनच म्हणाल्या. "नियम सगळ्यांना असतो की नाही? इतकी वर्षं लोक उठून भिंतीशी गेले. माझा मुलगाही गेला भिंतीशी, चौदा वर्षांचा होता, रडत गेला. तेव्हा कुणी रद्द केली नाही मोजणी. आज का करायची?"

खालून घंटा वाजली. बाराला दहा मिनिटं होती, म्हणजे माणूस लवकर आला होता. धाकटी खाली जाऊन त्याला घेऊन आली. करड्या कोटातला, पन्नाशीचा, वाफेने चष्मा धुरकटलेला. तो चष्मा पुसत उभा राहिला आणि कुणाकडे बघून हसावं ते त्याला कळेना.

"पत्र तयार आहे ना?" त्याने विचारलं. "मला पुढे अजून दोन ठिकाणी जायचंय."

दादा टेबलाशी पोहोचला होता. त्याने पालथ्या पत्रावर पंजा ठेवला. फाडलं नाही, उचललं नाही, नुसता हात ठेवून उभा राहिला.

अक्का त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. लहानपणी तिच्या सतारीच्या नख्या तो अशाच हाताखाली लपवायचा आणि ती रडत अण्णांकडे जायची. आज ती कुणाकडेही जाणार नव्हती.

"दादा, हात काढ."

"घराण्याचं नाव आहे, अक्का."

"माझंही आहे. हात काढ."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे. भाऊ भिंतीशी उठून उभा राहिला, आणि या वेळी तो दादाकडे बघत नव्हता. मग दादाने हात काढला. अक्काने पत्र सुलटं केलं आणि वहिनींच्या पुढे सरकवलं. वहिनींनी ते आधी सगळं वाचून काढलं, एकेक ओळ, कंपनीच्या माणसाला दोन ठिकाणी जायचंय याची पर्वा न करता. मग सही केली. ठसठशीत, पूर्ण नावाची.

माणसाने सही पाहिली आणि दादाकडे पाहिलं. दादाचा चेहरा त्याने वर्तमानपत्रांत पाहिलेला होता.

"मला सांगितलं होतं की प्रमुख हे आहेत," तो म्हणाला. "म्हणजे मला काही नाही, पण सहीखाली अधिकार लिहावा लागतो. कुठल्या नात्याने सही केली ते. यांच्या पत्नी, असं लिहू का?"

"नको," वहिनी म्हणाल्या.

"मग काय लिहू?"

वहिनींनी थोडा विचार केला.

"लिहा, समेवर होत्या."

"म्हणजे?"

"लिहा तुम्ही. घरात कळेल."

माणसाने पेन उघडलं आणि खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा दादाकडे पाहिलं. दादाने तोंड उघडलं. मग त्याच्या लक्षात आलं असावं की या चिजेबद्दल त्याला आता बोलता येत नाही. तो वळला, भिंतीशी गेला आणि भाऊच्या शेजारी खाली बसला. माणसाने वहिनींचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.